धाकटा भाऊ : दंतवैद्य डॉ. नारायणराव सावरकर यांचे स्मरण

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या ह्या वार्षिक स्मरणिकेसाठी काही इतिहासपर लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा कोणता विषय घ्यावा हा विचार पडला. आपला जुन्नर तालुका इतिहासाने इतका समृद्ध आहे की, शिवनेरी, नाणेघाट, लेण्याद्री अशी नुसती नावे घेतली तरी लेखणीला विषय अपुरा पडत नाही. परंतु ह्या स्थळांवर यापूर्वी पुष्कळ विद्वानांनी लिहिले आहे. शिवाय गडकोटांचा इतिहास जितका महत्त्वाचा, तितकाच घराघरांत जगल्या गेलेल्या आयुष्यांचाही असतो. म्हणून ह्या खेपेस एका कुटुंबवत्सल दंतवैद्याचे स्मरण करण्याचे योजिले आहे. ते गृहस्थ आपल्या येडगावचे नव्हत किंवा आपल्या तालुक्याचेही नव्हत. तरीही त्यांच्या चरित्रात आपणा कुटुंबवत्सल लोकांनी चिंतन करावे असे बरेच आहे. त्यांचे नाव डॉ. नारायण दामोदर सावरकर.

सावरकर हे नाव उच्चारताच वाचकांच्या मनात स्वातंत्र्यवीर विनायकराव उभे राहतील. ज्यांचे वाचन अधिक आहे त्यांना थोरले बंधू गणेशपंत ऊर्फ बाबाराव आठवतील. तिसऱ्या भावाचे नाव मात्र शाळेच्या पुस्तकांतून फार तर एखाद्या वाक्याच्या शेपटीला येते. प्रस्तुत लेखकाने अनेक वर्षे मुलांना इतिहास शिकविला. वर्गात अंदमानचा धडा चालू असता एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारी, “गुरुजी, दोघे भाऊ काळ्या पाण्यावर गेल्यावर घरी कोण होते ?” त्या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात नसे. ते येथे सविस्तर देण्याचा हा प्रयत्न आहे. विनायकरावांच्या राजकीय विचारांविषयी आपल्या समाजात आदरही आहे आणि तीव्र मतभेदही आहेत. त्या वादाचा निवाडा करणे हा ह्या लेखाचा हेतू नाही. एका घराचा भार एका माणसाने कसा वाहिला, एवढेच आपणांस पाहावयाचे आहे.

नाशिकजवळील भगूर ह्या गावी २५ मे १८८८ रोजी नारायणरावांचा जन्म झाला. वडील दामोदरपंत आणि आई राधाबाई. गणेश हा थोरला १८७९ सालचा, विनायक हा मधला १८८३ सालचा, मैना ही बहीण आणि नारायण हा सर्वांत धाकटा. घरात त्यांना ‘बाळ’ म्हणत व हे नाव पुढे ते डॉक्टर झाल्यावरही भावांच्या तोंडी राहिले. बाळ चार वर्षांचा असताना, १८९२ साली, आई पटकीच्या आजाराने गेली. पुढे १८९९ साली प्लेगची साथ भगुरास आली. त्या साथीत वडील गेले व चुलतेही गेले. अकरा वर्षांच्या नारायणालाही प्लेगने गाठले. त्याची शुश्रूषा करता करता थोरले बाबाराव स्वतःच त्या रोगाने अंथरुणास खिळले. दैव बलवत्तर म्हणून दोघेही वाचले. ज्या काळात प्लेगच्या घराकडे शेजारीही फिरकत नसत, त्या काळात नाशिकच्या दातार कुटुंबाने ह्या पोरक्या मुलांना आसरा दिला, ही गोष्ट कृतज्ञतेने नोंदविली पाहिजे.

आपल्या भागातील वृद्ध मंडळी प्लेगच्या गोष्टी सांगत असत. गाव ओस पाडून माळावर झोपड्या घालून राहणे, घरात उंदीर पडला की पोराबाळांसह बाहेर पडणे, सकाळी एकाला पोहोचवून आलेल्या माणसाला संध्याकाळी दुसऱ्यासाठी जावे लागणे, ह्या सर्व गोष्टी त्या पिढीने सोसल्या. त्या आपत्तीत पुष्कळ घरांतील कर्ती माणसे गेली आणि मिसरूड न फुटलेल्या मुलांवर संसार पडला. सावरकरांच्या घरीही तेच झाले. वीस वर्षांचे बाबाराव घराचे कर्ते झाले. त्यांच्या पत्नी येसूबाई, ज्यांचे लग्न १८९६ साली झाले होते, त्या धाकट्या दिरांच्या वहिनी आणि आई अशा दोन्ही झाल्या. नारायणरावांच्या अंगी पुढे जो घरच्या माणसांविषयी जिव्हाळा दिसतो, त्याचे मूळ ह्या वहिनींच्या हातच्या भाकरीत आहे, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

विनायकराव १९०६ साली बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस गेले. इकडे नाशिकला ‘अभिनव भारत’ ह्या गुप्त संस्थेचे काम बाबारावांकडे होते. १९०९ हे साल त्या घरावर वज्राघातासारखे कोसळले. फेब्रुवारीच्या अखेरीस बाबाराव पकडले गेले व ८ जून १९०९ रोजी त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली. विनायकरावांचा एकुलता लहान मुलगा प्रभाकर देवीच्या रोगाने दगावला. विनायकरावांनी लंडनहून येसूवहिनींना ‘सांत्वन’ ही कविता पाठविली ती ह्याच दुःखाच्या काळात. नोव्हेंबर महिन्यात अहमदाबादेस व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांच्या मिरवणुकीवर बाँब फेकण्यात आले, त्या संशयावरून नारायणरावांना पकडण्यात आले. त्यातून ते सुटतात न सुटतात तोच २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांचा वध झाला आणि नारायणराव पुन्हा तुरुंगात गेले. त्या वेळी त्यांचे वय एकवीस वर्षांचे होते. नाशिक कटाच्या खटल्यात त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. त्याच प्रकरणात विनायकरावांना मार्च १९१० मध्ये लंडनला अटक होऊन पुढे दोन जन्मठेपी झाल्या, म्हणजे एकूण पन्नास वर्षे. ४ जुलै १९११ रोजी ते अंदमानला पोहोचले. बाबाराव तेथे आधीच होते.

आता घराकडे पाहू. दोन भाऊ समुद्रापलीकडे कोठडीत. घरी दोन भावजया, येसूबाई आणि विनायकरावांच्या पत्नी यमुनाबाई. नावावर जमीन नाही, हाताशी पैका नाही. सावरकर नावाच्या माणसाशी बोलताना लोक आजूबाजूला पाहत, कारण पोलिसांचा डोळा सतत मागे असे. अशा स्थितीत शिक्षा भोगून सुटलेल्या तेवीस वर्षांच्या तरुणापुढे दोन वाटा होत्या. एक, भावांच्या मागोमाग आगीत उडी घेणे. दुसरी, शिकून हाती काही विद्या घेणे आणि घर सावरणे. पहिली वाट अधिक तेजस्वी दिसते. नारायणरावांनी दुसरी धरली. तिला कमी धैर्य लागते असे कोणी समजू नये.

ते कलकत्त्यास गेले. तेथे स्वदेशीच्या चळवळीतून ‘नॅशनल मेडिकल कॉलेज’ ही संस्था निघाली होती. सरकारी विद्यालयांची दारे ज्यांना बंद, अशा देशभक्त तरुणांना तेथे प्रवेश मिळे. पॅरिसमध्ये राहणाऱ्या मादाम कामा ह्या थोर पारशी विदुषीने त्यांच्या शिक्षणासाठी पैशाची मदत पाठविली. विनायकरावांशी असलेला भगिनीभाव त्यांनी असा निभावला. मुंबईचे एक पारशी घराणे, नाशिकचे एक ब्राह्मण घराणे आणि बंगालमधील एक विद्यालय, असा तो योग होता. जातिपातीच्या भिंती संकटकाळी आपोआप किती बुटक्या होतात, ह्याचे हे उदाहरण होय. शिक्षण पुरे करून नारायणराव मुंबईस आले आणि तेथे दंतवैद्य म्हणून त्यांनी व्यवसाय मांडला.

दंतवैद्याचा व्यवसाय त्या काळी काय होता, हे आजच्या तरुण वाचकांस समजणे थोडे कठीण जाईल. आज नारायणगावास किंवा मंचरास दाताच्या दवाखान्याची पाटी दिसली तर कोणास नवल वाटत नाही. परंतु आमच्या लहानपणी आपल्या कुकडीकाठच्या गावांतून दात दुखला तर इलाज ठरलेले असत. प्रथम लवंग दाढेखाली धरावयाची. तिने भागले नाही तर रिंगणीच्या बियांची धुरी नळीने तोंडात घ्यावयाची, कारण दाताला कीड लागली म्हणजे तेथे खरोखरच अळी असते, अशी समजूत होती. तरीही ठणका थांबला नाही तर आठवड्याच्या बाजारी रस्त्याच्या कडेला बसणारा वैदू चिमट्याने दात उपटी व मूठभर मीठ लावून रुग्णास घरी पाठवी. दात घासण्यास बाभळीची किंवा कडुलिंबाची काडी, नाही तर चुलीतली राखुंडी. बायकांत मशेरीचे व्यसन पुष्कळ. काडी आणि राख ह्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. आयुर्वेदाच्या ग्रंथांत दंतधावनाचा विधी दिनचर्येत सांगितलेला आहे आणि कडू, तिखट, तुरट रसांच्या काड्या त्यात मुद्दाम नमूद आहेत. परंतु मशेरी ही तंबाखू जाळून केलेली असते व ती तोंडाच्या कर्करोगास आमंत्रण देते, हे आज सिद्ध झालेले सत्य आहे. आपल्या घरांतील ज्या माताभगिनींस अजून ती सवय असेल त्यांनी ती सोडावी, एवढी विनंती येथे प्रसंगानेच करून ठेवतो.

शहरांतही त्या वेळी परिस्थिती फार वेगळी नव्हती. दंतवैद्यकास कायद्याचे बंधन नव्हते. विलायतेहून शिकून आलेले मोजके डॉक्टर, एखाद्या जुन्या दंतवैद्याच्या हाताखाली राहून विद्या उचललेले लोक, आणि फूटपाथवर कवळ्या मांडून बसणारे कारागीर, असे सर्वच आपापल्या परीने दात काढीत व बसवीत. हिंदुस्थानात ह्या विद्येस शिस्त लावण्याचे मोठे श्रेय डॉ. रफिउद्दीन अहमद यांना दिले जाते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातून १९१५ साली दंतवैद्यकाची पदवी घेऊन ते परतले व १९२० साली कलकत्त्यास त्यांनी देशातील पहिले दंत महाविद्यालय काढले. पुढे त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांचा जन्मदिवस, २४ डिसेंबर, आजही आपल्या देशात दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो. मुंबईत १९३३ साली जे दंत महाविद्यालय निघाले ते आज नायर रुग्णालयाच्या नावाने प्रसिद्ध आहे. म्हणजे नारायणरावांनी मुंबईत व्यवसाय सुरू केला तेव्हा ह्या शहरात दंतवैद्यकाचे महाविद्यालय देखील नव्हते. ज्या विद्येची लोकांस अजून किंमत कळलेली नाही, ती विकून घर चालवावयाचे, आणि त्यातही आडनाव सावरकर. रोग्याने दवाखान्याची पायरी चढताना मागे कोणी गुप्त पोलीस पाहतो आहे काय, हा विचार करावा असे ते दिवस होते.

ह्या दवाखान्याच्या मिळकतीवर घर उभे राहिले. अंदमानातील बंद्यास वर्षातून एक पत्र लिहिण्याची परवानगी असे. विनायकरावांची ती पत्रे बहुतेक ह्या धाकट्या भावाच्या नावे आहेत. ती पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली व मराठीत ‘अंदमानच्या अंधेरीतून’ ह्या नावाने वाचकांस परिचित आहेत. ती पत्रे ज्यांनी वाचली त्यांना आठवत असेल की, त्यांत राजकारणापेक्षा घरच्या माणसांची चौकशी अधिक आहे. बाळचा अभ्यास, त्याची प्रकृती, त्याचे लग्न, वहिनींचे कसे चालले आहे, आप्तेष्ट कोठे आहेत, हीच त्यांतील मुख्य आस्था. पत्र येण्यास वर्ष आणि उत्तर जाण्यास वर्ष. त्या एका पत्राची वाट पाहणे आणि आलेले पत्र घरच्या सर्वांस वाचून दाखविणे, हे काम नारायणरावांचे. घराचे दोन तुकडे समुद्राने वेगळे केले होते. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे हा दंतवैद्य होता.

सर्वांत कठीण प्रसंग १९१९ साली आला. आठ वर्षांनंतर कुटुंबीयांस अंदमानात जाऊन बंद्यांची भेट घेण्याची परवानगी मिळाली. येसूबाईंनी नाशिकला ‘आत्मनिष्ठ युवती संघ’ काढून स्त्रियांत जागृती केली होती. पतीच्या दर्शनाची आस त्यांनी दहा वर्षे उरी धरली होती. परंतु भेटीचा योग येण्यापूर्वीच त्यांचे देहावसान झाले. नारायणराव यमुनावहिनींस घेऊन अंदमानला गेले. बाबारावांची दृष्टी आपल्या पत्नीस शोधीत होती. थोरल्या भावास ती बातमी त्या तुरुंगात, पहारेकऱ्यांच्या देखत, सांगण्याची वेळ धाकट्यावर आली. ज्या वहिनीने आपल्याला आईच्या मायेने वाढविले, तिच्या मृत्यूची वार्ता तिच्या पतीस सांगावयाची, ह्यापेक्षा जड ओझे कोणत्या धाकट्या भावाने उचलले असेल ? कोठडीतील हालअपेष्टांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. कोठडीबाहेरच्या माणसाचे हे दुःख मात्र सहसा कोणी मोजीत नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश बादशहांचा जाहीरनामा निघाला व पुष्कळ राजबंदी सुटले. सावरकर बंधूंची नावे त्यांत नव्हती. तेव्हा नारायणरावांनी १८ जानेवारी १९२० रोजी महात्मा गांधींस पत्र लिहून, आता काय करावे, असा सल्ला विचारला. गांधीजींनी आठवड्याच्या आत, २५ जानेवारीस, उत्तर धाडले आणि प्रकरणातील वस्तुस्थिती स्पष्ट मांडणारा थोडक्यात अर्ज करावा, असे सुचविले. पुढे २६ मे १९२० च्या ‘यंग इंडिया’ पत्रात गांधीजींनी ‘सावरकर बंधू’ ह्या मथळ्याचा लेख लिहून त्यांच्या सुटकेचा पुरस्कार केला. विनायकरावांच्या अर्जांविषयी आज वर्तमानपत्रांतून बराच वाद चालतो. त्या वादात पडणाऱ्या दोन्ही पक्षांस एवढेच स्मरण द्यावेसे वाटते की, त्या सर्व खटपटीच्या मागे घरी बसून एकेका दाराशी जाणारा, मतभेद बाजूस ठेवून ज्याच्याकडून मदत होईल त्याच्यापुढे पदर पसरणारा एक भाऊ होता. भावासाठी मागताना त्याने मानापमान मोजला नाही.

१९२१ साली दोघे बंधू अंदमानहून हिंदुस्थानच्या तुरुंगांत आणले गेले. बाबाराव १९२२ साली सुटले ते जर्जर प्रकृतीने. विनायकराव ६ जानेवारी १९२४ रोजी सुटले, परंतु रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जावयाचे नाही व राजकारणात पडावयाचे नाही ह्या अटींवर, आणि ते निर्बंध १९३७ पर्यंत टिकले. ह्या काळात मुंबईत नारायणरावांनी १० जानेवारी १९२७ पासून ‘श्रद्धानंद’ नावाचे साप्ताहिक चालविले. दिल्लीस आदल्याच महिन्यात स्वामी श्रद्धानंद यांची हत्या झाली होती, त्यांच्या स्मृतीस हे नाव दिलेले होते. विनायकरावांचे पुष्कळ लिखाण टोपणनावांनी त्यातून प्रसिद्ध होई. १९३० साली ते पत्र बंद पडले. दिवसा दात आणि रात्री मुद्रिते, असा तो दिनक्रम असावा. ह्याच रत्नागिरीच्या मुक्कामात विनायकरावांनी जातिभेद मोडण्यासाठी सहभोजने घडविली व १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या साहाय्याने पतितपावन मंदिर सर्व हिंदूंस खुले झाले. आपण ज्ञातिसंस्थेचे सभासद आहो. ज्ञातीच्या संघटनेतून शिष्यवृत्त्या, वसतिगृहे, वधूवरसूचन अशी कामे होतात व ती व्हावीत. परंतु ज्ञाती हे घराचे अंगण असावे, कुंपण नसावे, हा बोध त्या मंदिराच्या पायरीवरून घेण्याजोगा आहे.

येथे एक विलक्षण योगायोग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नारायणराव मुंबईत दंतवैद्य होते त्याच काळात, म्हणजे १९२३ साली, कुमारी फातिमा जिना ह्यांनी कलकत्त्यास डॉ. अहमद यांच्या महाविद्यालयात शिकून मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर दाताचा दवाखाना उघडला. १९२९ साली बॅरिस्टर महंमद अली जिनांच्या पत्नी वारल्या, तेव्हा फातिमाबाईंनी दवाखाना बंद केला आणि भावाचा संसार सांभाळण्यासाठी त्या त्याच्या घरी राहावयास गेल्या. देशाच्या राजकारणात ज्या दोन पुरुषांची तोंडे दोन दिशांना होती, त्या दोघांच्याही पाठीशी एकेक भावंड उभे होते आणि ती दोन्ही भावंडे एकाच शहरात एकच व्यवसाय करीत होती. पुढे इतिहासाने त्यांना कोठल्या कोठे नेले. परंतु मोठ्या माणसांची मोठी कामे कोणाच्या तरी घरगुती त्यागावर उभी असतात, हे दोन्हीकडे सारखेच खरे.

आता शेवटचा आणि सर्वांत दुःखद प्रसंग. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीस नथुराम गोडसे याने महात्मा गांधींची हत्या केली. ते घोर पातक होते. त्याचे समर्थन कोणत्याही सुजाण माणसास करता येणार नाही. मारेकरी महाराष्ट्रीय ब्राह्मण होता, एवढे कळताच महाराष्ट्रात ठिकठिकाणी ब्राह्मणांच्या घरांवर जमाव चालून गेले. सातारा, सांगली, कोल्हापूर ह्या भागांत घरे जळाली, पिढ्यान्‌पिढ्यांचे संसार रस्त्यावर आले. मुंबईत शिवाजी पार्कजवळील विनायकरावांच्या ‘सावरकर सदना’वर जमाव गेला. तसाच तो डॉ. नारायणरावांच्या घरीही गेला. दगडांच्या माऱ्यात साठीला आलेले हे दंतवैद्य डोक्यास मार लागून रक्तबंबाळ झाले. ज्या माणसाने अठ्ठावीस वर्षांपूर्वी भावाच्या सुटकेसाठी गांधीजींस पत्र लिहून सल्ला मागितला होता व ज्याला गांधीजींनी आठवड्यात उत्तर दिले होते, त्याच माणसाचे डोके गांधीजींच्या नावाने फोडण्यात आले. पुढे विनायकरावांवरही त्या हत्येच्या कटाचा खटला झाला व १० फेब्रुवारी १९४९ रोजी न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. नारायणराव मात्र त्या दुखापतीतून पुरते सावरले नाहीत. १९ ऑक्टोबर १९४९ रोजी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ज्ञातिबंधुभगिनींनो, ही हकीकत येथे मुद्दाम लिहिली आहे, कारण ही स्मरणिका एका ज्ञातीची आहे. एकाच्या अपराधासाठी त्याच्या साऱ्या जातीस जबाबदार धरणे ही वृत्ती १९४८ सालात संपली असे नाही. गावात चोरी झाली, कोणाची मुलगी पळून गेली, निवडणुकीत कोणी पडले, की चार माणसांच्या तोंडी प्रथम नाव येते ते व्यक्तीचे नव्हे तर ‘त्या लोकांचे’. आज ही भाषा पारावरून निघून हातातल्या फोनवर आली आहे आणि म्हणून अधिक वेगाने धावते. जो दगड आज दुसऱ्याच्या जातीवर भिरकावला जातो तो उद्या आपल्या दारी येणार नाही, अशी हमी कोणी द्यावी ? शतकानुशतके ज्या जातींवर अन्याय झाला त्यांना हे सांगावयास नकोच. त्यांनी ते फार आधीपासून आणि फार अधिक सोसले आहे. म्हणून ज्ञातिसंस्थांनी आपल्या मुलांस प्रथम हे शिकवावे की, गुन्हा माणूस करतो, जात करीत नाही, आणि शिक्षा न्यायालय देते, जमाव देत नाही.

ज्या वर्षी नारायणराव जखमी झाले त्याच वर्षी, २९ मार्च १९४८ रोजी, दंतवैद्यांचा कायदा अमलात आला व पुढील वर्षी, १२ एप्रिल १९४९ रोजी, भारतीय दंत परिषद स्थापन झाली. ज्या व्यवसायास त्यांच्या तरुणपणी धड नाव नव्हते, त्याला त्यांच्या डोळ्यांदेखत मान्यता मिळाली. आता तर २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदाही संमत झाला आहे आणि दंतवैद्यकाच्या पदवीस शेतकऱ्यांची मुले व विशेषतः मुली मोठ्या संख्येने जात आहेत. आपल्या ज्ञातीतही अशा मुली आहेत. त्यांच्या हातून खेड्यातील वृद्धांस परवडेल अशा दरात सेवा घडावी, ही अपेक्षा बाळगणे गैर नाही.

तिघां भावांत बाबारावांस पासष्ट वर्षांचे आयुष्य लाभले, १६ मार्च १९४५ रोजी सांगलीस त्यांनी देह ठेवला. विनायकराव २६ फेब्रुवारी १९६६ पर्यंत, म्हणजे ब्याऐंशी वर्षे जगले. धाकट्याच्या वाट्यास सर्वांत कमी वर्षे आली. आयुष्य दीर्घ होते की अल्प हे आपण पंचांगावरून ठरवितो. परंतु तेविसाव्या वर्षी ज्याच्या खांद्यावर दोन कुटुंबे पडली आणि ज्याने ती अडतीस वर्षे उतरविली नाहीत, त्याचे आयुष्य अल्प म्हणण्यास जीभ धजत नाही.

आपल्या प्रत्येक घराण्यात असा एखादा नारायण असतो. थोरला मुंबईस जातो, नाव काढतो, त्याचा सत्कार होतो, स्मरणिकेत फोटो येतो. मधला फौजेत जातो, त्याचाही फोटो येतो. एक भाऊ किंवा एक बहीण मात्र घरी राहून म्हाताऱ्यांची औषधे, शेताचे पाणी, भावजयींची बाळंतपणे आणि भाच्यांच्या फिया पाहते. तिचा फोटो कोठे येत नाही. धरणात जमीन गेल्यावर नव्या जागी घर बांधताना, दुष्काळात गुरे जगविताना, अशा माणसांनीच आपल्या तालुक्यातील कुटुंबे एकत्र ठेवली आहेत. त्यांची नोंद झाली नाही तर आपल्या ज्ञातीचा इतिहास अर्धाच राहील.

म्हणून संपादक मंडळास एक नम्र सूचना करतो. पुढील वर्षाच्या स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादीशेजारी चार पाने अशा घरी राहिलेल्या माणसांसाठी राखून ठेवावीत. प्रत्येक सभासद कुटुंबाने आपल्या घरातील अशा एका व्यक्तीविषयी दहा ओळी, जन्मसाल, गाव आणि केलेले काम ह्यांसह लिहून पाठवाव्यात. ज्यांना लिहिण्याची सवय नसेल त्यांनी येडगावी प्रस्तुत लेखकाकडे यावे. सांगतील तसे लिहून देण्यास तो आनंदाने तयार आहे.